लहान घर चालेल, गळके घर चालणार नाही



आमच्या शाखेच्या कचेरीत हल्ली एका प्रकारचा अर्ज वारंवार येतो. तरुण कामगार येतो, खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, "काका, क्वार्टर सोडायचंय. लांब फ्लॅट बुक केलाय. अर्जात कारण काय लिहू?" मी विचारतो, खरे कारण काय आहे? छत गळते का? पाणी येत नाही का? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "तसं काही नाही काका. पण दोन खोल्यांत किती दिवस काढायचे? सासरची माणसं आली की लाज वाटते."

छत गळत असते तर मी स्वतः कागद घेऊन त्याच्याबरोबर इंजिनिअरिंगच्या कचेरीत गेलो असतो. पण लहान घराची लाज हे कारण माझ्या पचनी पडत नाही. ही लाज जाहिरातींनी आपल्या घरात आणून ठेवली आहे आणि तिचा हप्ता आपण वीस-वीस वर्षे भरतो आहोत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे मनात आले. संघटनेच्या अंकात वेतन, पेन्शन, भरती यांवर लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. पण ड्युटी संपल्यावर कामगार जिथे परततो, त्या घराविषयीही कधीतरी बोलले पाहिजे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. लहान घरात संसार चांगला होतो आणि मुले चांगली वाढतात, हा आपल्या दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे. त्याची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. मात्र लहान घर चांगले ठरते ते तीन अटींवर. घर कामाजवळ असले पाहिजे, दाराबाहेर मोकळी जागा असली पाहिजे आणि घर धड असले पाहिजे. या अटी प्रशासनाने पाळायच्या आहेत, आणि त्या पाळायला लावणे हे संघटनेचे काम आहे.

भिंतींच्या आत

लहान घरात बापाची ड्युटी सगळ्या घराला पाठ असते. रात्रपाळी करून आलेला पॉइंट्समन किंवा लोको पायलट सकाळी नऊला बाहेरच्या खोलीत अंग टाकतो, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला त्याच्या पायथ्याशी वळसा घालूनच जावे लागते. मग कुकरच्या शिट्ट्या आधीच उरकल्या जातात, टीव्ही बंद राहतो, मुले दप्तर घेऊन पडवीत बसतात. पाच वर्षांच्या पोरालाही कळते की बाबा रात्रभर जागे होते, म्हणून आपण हळू बोलायचे. दुसऱ्याच्या झोपेची किंमत कळणे हा लहान संस्कार नव्हे. तो कोणत्याही शाळेत फी भरून मिळत नाही.

पूर्वी रनिंग स्टाफच्या वस्तीत कॉल बॉय रात्री दोनला येऊन दाराची कडी वाजवी. त्या आवाजाने सारे घर जागे होई. आई उठून स्टोव्ह पेटवी, डबा भरी, थोरला मुलगा बापाची पेटी दाराशी आणून ठेवी. आता कॉल मोबाइलवर येतो, पण दोन खोल्यांच्या घरात तो सगळ्यांनाच ऐकू येतो. आपल्या घरात येणारा पैसा कोणत्या जागरणातून येतो, हे या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

टपाल खात्यातील बांधवांचा अनुभव वेगळा नाही. जुन्या अनेक पोस्टांत पोस्टमास्तरांचे बिऱ्हाड कचेरीच्या मागेच असे. पुढे काउंटर, मध्ये एक दार आणि दारापलीकडे स्वयंपाकघर. शिक्के मारल्याचा आवाज ऐकत ती मुले लहानाची मोठी झाली. मनिऑर्डरची वाट पाहत म्हातारी पायरीवर बसली की तिला पाणी नेऊन देणे हे त्यांचेच काम. धावत्या गाडीत रात्रभर सॉर्टिंग करून आलेल्या आर.एम.एस.च्या माणसालाही घरी आल्यावर हीच शांतता लागे, आणि दोन खोल्यांतले घर ती त्याला देई.

दुसरी गोष्ट भांडणाची. नवरा-बायकोची भांडणे कोणत्या घरात होत नाहीत? पण लहान घरात रुसून बसायला तिसरी खोली नसते. रात्री अंथरुणे शेजारी शेजारी घालावी लागतात आणि सकाळी मोरीसाठी एकामागे एक थांबावे लागते. अबोला फार तर दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत टिकतो. कर्ज, दारू, मटका, मुलाचे नापास होणे, यातले काहीही दोन खोल्यांत फार दिवस झाकून राहत नाही. ते उघडे पडते, आरडाओरडा होतो, पण वेळेत उघडे पडते. संघटनेच्या कामात मी बुडालेली घरे पाहिली आहेत आणि सावरलेलीही पाहिली आहेत. पगारातून सोसायटीची कपात किती होते हे जिथे बायकोला ठाऊक असते, ते घर सहसा बुडत नाही.

तिसरी गोष्ट घरकामाची. आज पोस्टात, तिकीट खिडकीवर, वर्कशॉपमध्ये आणि रुळांवरही आपल्या भगिनी काम करतात. त्या ड्युटीवरून घरी येतात तेव्हा स्वयंपाकघर दोन पावलांवर असते आणि नवरा समोरच बसलेला असतो. कणीक मळायची आहे, भाजी निवडायची आहे, हे त्याला दिसत असते. "मला कळलंच नाही" ही सबब मोठ्या घरात खपून जाते, लहान घरात खपत नाही. शिवाय झाडलोट पंधरा मिनिटांत होते. वस्तू घेण्याआधी ती ठेवायची कुठे हा प्रश्न येतो, त्यामुळे निम्मी खरेदी दुकानाच्या पायरीवरच रद्द होते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्याकडे म्हणीत आहे. लहान घरात ते रोज करावेच लागते.

दाराबाहेरची जागा

परंतु बंधूंनो, हे सारे केवळ चार भिंतींच्या आत घडते असे समजू नका. मुंबईच्या बीडीडी चाळींचे उदाहरण घ्या. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे या चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. गिरणी कामगारांच्या, पोलिसांच्या आणि इतर कष्टकऱ्यांच्या पिढ्या तिथे वाढल्या. एवढ्या जागेत आठ-आठ, दहा-दहा माणसे राहत कशी, असे नवी माणसे विचारतात. उत्तर सोपे आहे. ती सगळी वेळ १६० फुटांत राहतच नव्हती. खोलीत स्वयंपाक, जेवण आणि बायका-मुलांची झोप. अभ्यास आणि गप्पा गॅलरीत, बाप्यांची झोप गॅलरीत किंवा गच्चीवर, खेळ दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत. घर लहान होते, पण राहण्याची जागा लहान नव्हती.

आपल्या रेल्वे कॉलन्यांचेही तसेच आहे. भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड, कुर्डुवाडी, कुठेही जा. जुन्या क्वार्टरला पुढे पडवी, मागे अंगण, अंगणात पेरूचे किंवा शेवग्याचे झाड. जवळच मैदान आणि इन्स्टिट्यूट. रेल्वेतल्या माणसाची मुले कॅरम, बॅडमिंटन आणि नाटक इन्स्टिट्यूटमध्येच शिकली. महाराष्ट्राबाहेर तर या अंगणांनी आणखी मोठे काम केले. २००३ पर्यंत झाशी आणि जबलपूर मध्य रेल्वेत होते, त्यामुळे बदलीवर गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे इटारसी, बीना, झाशीकडे राहिली. एका भिंतीपलीकडे बिहारी शेजारी, दुसऱ्या भिंतीपलीकडे तमिळ. मुलांनी हिंदी अंगणात शिकली. इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये गणपती बसला की आरतीला सगळी कॉलनी उभी राही. ज्याला आपण राष्ट्रीय एकात्मता म्हणतो ती कामगारांच्या वस्तीत लहान घरांमुळे आली, कारण घरात जागा कमी म्हणून माणसे बाहेर आली आणि बाहेर आली म्हणून एकमेकांना भेटली.

ही भेट संकटात कशी उपयोगी पडते, ते १९७४ साली दिसले. ८ मे रोजी सुरू झालेला रेल्वे संप २० दिवस चालला. देशभर अनेक ठिकाणी संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आले. माझे वडील पोस्टमन होते आणि आम्ही पोस्टाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. आईकडून पुढे ऐकले ते असे की, एका रेल्वे फायरमनची बायको आणि तीन मुले संप मिटेपर्यंत आमच्या दोन खोल्यांत राहिली, कारण कर्ता पुरुष तुरुंगात होता. बायका-मुले आत झोपत, वडील अंगणात खाट टाकत. एवढी जागा पुरली कशी, असे मी आईला विचारले की ती म्हणे, "आम्ही मोजली नाही, म्हणून पुरली." टपाल आणि रेल्वे या दोन खात्यांच्या कामगारांतले नाते मी पहिल्यांदा शिकलो ते तिच्याकडून, सभेतल्या भाषणातून नव्हे.

हिशेब मांडून पाहा

आता पैशाचा हिशेब. एखाद्या कामगाराचा मूळ पगार ३०,००० रुपये धरा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत घरभाडे भत्ता जानेवारी २०२४ पासून ३० टक्के, म्हणजे ९,००० रुपये. क्वार्टर सोडले की हा भत्ता मिळतो आणि काहीशे रुपयांची लायसन्स फी वाचते. आता तो ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतो. हप्ता बसतो सुमारे २६,००० रुपये. भत्ता वजा केला तरी पगारातून महिन्याला १७,००० रुपये जातात. सोसायटीचा मेंटेनन्स आणि स्टेशनपर्यंतची रिक्षा वेगळी. २० वर्षांत ३० लाखांचे ६२ लाखांच्या वर भरावे लागतात.

हा झाला पैशाचा हिशेब. वेळेचा हिशेब कोणी मांडतच नाही. लांबच्या फ्लॅटमुळे रोजचे दोन तास जाण्या-येण्यात वाढले, तर महिन्याच्या २५ दिवसांत ५० तास आणि वर्षात ६०० तास होतात. म्हणजे आठ-आठ तासांच्या ७५ ड्युट्या, आणि त्यांचा ओव्हरटाइम कोणी देणार नाही. घरात एक खोली वाढली, पण त्या खोलीत बसायला बाप घरी नाही. तो पोहोचतो तेव्हा मुले झोपलेली आणि निघतो तेव्हाही झोपलेली. गेटवर बारा तासांची ड्युटी करणाऱ्या माणसाने वर दोन-तीन तास प्रवास केला तर त्याच्या झोपेचे काय होणार? आपल्या खात्यात अपुरी झोप ही घरगुती बाब नाही. ती गाडीच्या आणि रुळावरच्या माणसाच्या सुरक्षेची बाब आहे.

कोणी म्हणेल, निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावेच लागते, मग स्वतःचे घर नको का? जरूर हवे. गृहबांधणी अग्रिमाची सोय त्यासाठीच आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तिची मर्यादा ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख रुपये, यांत जे कमी असेल ते, अशी झाली. तिचा विचार करून घ्या. परंतु घर घेताना शेजाऱ्याला दाखवण्यासाठी घेऊ नका. दोन माणसांच्या म्हातारपणाला किती खोल्या लागतात आणि दवाखाना, बाजार, आपली माणसे किती जवळ आहेत, हे पाहून घ्या. लहान घर सांभाळणे साठीनंतर सोपे जाते, हेही लक्षात ठेवा.

कौतुक म्हणजे समाधान नव्हे

आता एक इशारा. लहान घराचे हे कौतुक कोणी साहेबाने कात्रण करून आपल्यासमोर ठेवू नये. "तुमचेच सेक्रेटरी म्हणतात दोन खोल्या पुरतात, मग तक्रार कसली?" असे म्हणणारे निघतील. त्यांना माझे उत्तर तयार आहे. आम्ही लहान जागेत नीट राहिलो, हे आमचे कर्तृत्व आहे. ती जागा नीट न ठेवणे ही प्रशासनाची कसूर आहे.

लहान घराचा जाच सर्वांत जास्त कोणी सोसला, तर बायकांनी. कपडे बदलायला आडोसा नाही, बाळंतिणीला वेगळी खोली नाही, वयात आलेल्या मुलीला अभ्यासाला कोपरा नाही. सासू, सून आणि नणंद एकाच ओट्याशी. पुरुषांना पडवी आणि नाका होता, बायकांना तोही नव्हता. म्हणून आमच्या वेळी किती मजा होती, असे सांगणाऱ्या पुरुषांनी आधी आपल्या आईला आणि बायकोला विचारावे. घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असले, किंवा लग्नाचा मुलगा आणि आई-वडील एकत्र राहत असले, तर दोन खोल्या पुरत नाहीत. त्याला मोठ्या टाइपचे क्वार्टर मागण्याचा पूर्ण हक्क आहे आणि संघटना त्याच्या मागे उभी आहे.

आणि गळके छत, पोपडे धरलेली भिंत, तुंबलेली मोरी, लोंबकळणारी वायर यांना लहान घर म्हणत नाहीत. त्याला पडके घर म्हणतात. अशा घरात भिजलेल्या अंथरुणावर मुले झोपवून कोणाचाही संसार गोड होत नाही.

आता मागायचे काय

जुन्या कॉलन्यांचे दिवस भरत आले आहेत. रेल्वेच्या जमिनींच्या विकासासाठी २००६ साली रेल भूमी विकास प्राधिकरण स्थापन झाले. कॉलन्यांचा पुनर्विकास करायचा, थोड्या जागेत इमारती बांधून क्वार्टर द्यायचे आणि उरलेली जमीन भाडेपट्ट्याने द्यायची, असे त्याचे धोरण आहे. बीडीडी चाळींत पुनर्विकास प्रत्यक्ष झालेला दिसतो. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणे आणि घरात स्वतःचा संडास असणे, यात आनंद मानलाच पाहिजे. शंभर वर्षे त्यांनी वाट पाहिली आहे. पण उंच इमारतीत गॅलरी राहत नाही, पटांगण दूर जाते, आणि प्रत्येक दार बंद होते. आत किती फूट वाढले ते कागदावर येते. बाहेरचे किती फूट गेले ते कोणी लिहून ठेवत नाही.

म्हणून पुनर्विकासाचा नकाशा येईल तेव्हा प्रत्येक शाखेने तो पसरून पाहावा आणि पुढील गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, नवे क्वार्टर लॉबी, स्टेशन, वर्कशॉप किंवा पोस्टापासून चालत जाण्याच्या अंतरावरच असावे. दुसरी, मैदान, इन्स्टिट्यूट आणि झाडे नकाशात आधी दाखवावीत, इमारती नंतर. उरलेल्या तुकड्यात बाग काढून भागणार नाही. तिसरी, प्रत्येक मजल्यावर चार माणसे बसतील असा सामाईक व्हरांडा असावा. चौथी, रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपता येईल अशी दार लागणारी एक खोली प्रत्येक घरात असावी, आणि तीच खोली संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. पाचवी, लिफ्ट आणि पाणी चोवीस तास चालावे, कारण आपला माणूस रात्री दोनलाही खाली उतरतो आणि पहाटे चारलाही वर चढतो. सहावी, नवी इमारत उभी राहीपर्यंत जुन्या क्वार्टरची दुरुस्ती थांबवू नये. "पाडायचेच आहे" या सबबीवर पाच-पाच पावसाळे गळक्या छताखाली काढायला आम्ही तयार नाही. पोस्टाच्या वसाहतींनाही हेच मुद्दे लागू आहेत.

या बैठकांना भगिनींना मुद्दाम बोलवा. ओटा कुठे असावा, कपडे कुठे वाळत घालावेत, मुले खेळताना कोणत्या खिडकीतून दिसली पाहिजेत, हे घराचा नकाशा काढणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त कळते.

आणि माझ्या तरुण मित्रांनो, अर्ज जरूर द्या, तो तुमचा हक्क आहे. पण अर्ज देण्याआधी एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बायकोबरोबर बसा. हप्ता मांडा, तास मांडा, मुलांबरोबर किती वेळ मिळेल तो मांडा. त्यानंतरही फ्लॅट परवडत असेल तर पेढे घेऊन कचेरीत या. परवडत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज घेऊन या, त्यावर पहिली सही माझी असेल. सासरची माणसे आली तर त्यांना पडवीत खुर्च्या टाकून बसवा आणि चहा करायला स्वतः उठा. त्या घरात लाजण्यासारखे काही नाही, हे त्यांनाही दिसेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!